स्प्रिंकलरचा पाईप कशाला टांगलाय, तेही बघा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बेळगाव शहरात आणि निपाणी, चिकोडी, खानापूरकडे अलीकडे मोठी दुकानं, हॉस्पिटलं, हॉटेलं, मंगल कार्यालयं आणि गोदामं उभी राहिली. त्यांच्या छताखालचं लाल पाईपांचं जाळं आता सगळ्यांच्या ओळखीचं झालंय. फायरची एनओसी घेताना पंप सुरू करून दाखवतात, गेजवरचा दाब बघतात, टाकी किती लिटरची ते विचारतात, स्प्रिंकलर (आगीच्या उष्णतेने आपोआप उघडून पाणी फवारणारी तोंडं) मोजतात. तो पाईप ज्या रॉडला लटकलाय तो रॉड वर कशात रोवलाय, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. फॉल्स सीलिंग लागलं की तो प्रश्नच झाकला जातो.

ही वस्तू वर्षानुवर्षं नुसती लटकून असते आणि एकदाच कामाला येते. त्या वेळी छताखालची हवा तापलेली असते, पंपाने दाब एकदम चढवलेला असतो आणि पाईपाला हिसका बसतो. पाईप सहसा फुटत नाही. हँगर, म्हणजे पाईप टांगणारा क्लॅम्प आणि रॉड, सुटतो, पाईप खाली झुकतो, मग सॉकेट किंवा ग्रूव्ह कपलिंगचा जोड उघडतो आणि सगळं पाणी तिथूनच जातं. पुढचे स्प्रिंकलर कोरडे राहतात. म्हणून हा पत्रप्रपंच.

आपल्याकडे स्प्रिंकलरसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १५१०५ आहे आणि २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग आहे. हँगरचे बारकावे ठरवताना बरेच सल्लागार अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचं एनएफपीए १३ हे मानक उघडतात, कारण त्यात या एका विषयावर पानंच्या पानं आहेत. खालचे आकडे त्यातलेच. टेंडरमध्ये दुसरं मानक लिहिलं असेल तर ते पाळावं. दोन्हींतलं सोयीचं तेवढं उचलायचं, असं मात्र करू नये.

मूळ नियम सोपा आहे. पाण्याने भरलेल्या पाईपचं जेवढं वजन एका हँगरच्या वाट्याला येतं, त्याच्या पाचपट आणि वर ११४ किलो, एवढा भार त्या हँगरला पेलता आला पाहिजे. वरचे ११४ किलो म्हणजे २५० पौंड. कुणी पाईपला शिडी टेकली किंवा धरून लोंबकळलं, तर त्याची सोय त्यात होते. आता हिशेब मांडू. सी क्लासचा, म्हणजे जाड भिंतीचा, १०० मिलिमीटरचा पाईप पाण्यासकट मीटरला साधारण २३ किलो भरतो. दोन हँगरमध्ये ४.६ मीटर अंतर ठेवलं तर एका हँगरवर १०६ किलो आले. पाचपट ५३० आणि वर ११४, म्हणजे जवळपास ६४५ किलो. १५० मिलिमीटरचा पाईप मीटरला ४० किलोच्या घरात जातो. तिथे हाच आकडा एक टन ओलांडतो. अगदी २५ मिलिमीटरच्या बारक्या लाईनलासुद्धा एका हँगरची ताकद पावणेदोनशे किलोच्या आसपास लागते. छतात ठोकलेला खिळा आणि बाइंडिंग वायर यात कुठे बसते, ते वाचकांनीच ठरवावं.

हे पाचपट क्लॅम्प, रॉड आणि अँकर (रॉडला छतात पकडून ठेवणारी लोखंडी खुंटी) या साखळीसाठी आहे. स्लॅब, बीम किंवा पर्लिन (शेडचा पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पट्ट्या) यांच्यासाठी हिशेब वेगळा असतो: भरलेल्या पाईपचं वजन आणि टांगण्याच्या नेमक्या त्या जागी जास्तीचे ११४ किलो. हा आकडा इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जायला हवा. बहुतेक वेळा जात नाही, कारण फायरचा ठेकेदार येईपर्यंत त्याचं काम संपून बिलही निघालेलं असतं.

अंतराचं म्हणाल तर २५ आणि ३२ मिलिमीटरच्या स्टील पाईपला जास्तीत जास्त ३.७ मीटर, ४० ते २०० मिलिमीटरपर्यंत ४.६ मीटर. आपल्याकडे पाईप सहा मीटर लांबीचा येतो आणि ‘एका लांबीला एक हँगर’ अशी साइटवर पद्धत पडली आहे. एनएफपीएमध्ये ब्रँच लाईनच्या (स्प्रिंकलर बसवलेल्या फांदीच्या) प्रत्येक लांबीला किमान एक हँगर असं जरूर लिहिलंय, पण ते कमाल अंतर पाळून. सहा मीटरच्या लांबीला दोन लागतातच. त्या फांद्यांना पाणी देणाऱ्या मेन पाईपला दोन ब्रँचच्या मध्ये एक, हेही बघावं. सीपीव्हीसी पाईप घातला असेल तर अंतरं निम्म्यावर येतात: २५ मिलिमीटरला १.८ मीटर, ५० मिलिमीटरला २.४ मीटर. क्लॅम्पची धार पाईपला कापणार नाही आणि नट आवळून पाईप दाबला जाणार नाही, हेही तिथे पाहावं लागतं.

रॉडची जाडी १०० मिलिमीटर पाईपपर्यंत तीन सुती, म्हणजे साधारण १० मिलिमीटर. त्यापुढे २०० पर्यंत चार सुती. बाजारात स्वस्त मिळतो म्हणून सगळीकडे आठ मिलिमीटरचा रॉड लावलेला दिसतो. रॉड वाकवून तिरका लावणं हे तर नेहमीचंच. आटे पाडलेला रॉड वाकवला की तो आट्याच्या मुळाशी चिरतो. छत उताराचं असेल तर वर फिरता जोड घ्यावा आणि रॉड ओळंब्यात ठेवावा. खालच्या नटावर दुसरा नट आवळावा, नाहीतर पंपाच्या रोजच्या चालू-बंदने तो हळूहळू सुटत जातो.

आता स्लॅबकडे येऊ, कारण घोटाळा मुख्यत्वे इथे होतो. आपल्याकडे स्लॅबच्या खालच्या बाजूला गिलावा असतो, कधी सहा मिलिमीटर, कधी बारा, आणि शटरिंग झुकलेलं असेल तर वीससुद्धा. दहा मिलिमीटरच्या रॉडचा ड्रॉप-इन अँकर (भोकात घालून, आतली खुंटी ठोकून फुलवायचा) साधारण ४० मिलिमीटर लांब असतो. तो गिलाव्याच्या पृष्ठभागापासून मोजून बसवला तर काँक्रीटमध्ये पंचवीस-तीस मिलिमीटरच जातो. आणि काँक्रीटमधून उखडण्याची ताकद खोलीबरोबर सरळ प्रमाणात घटत नाही, त्याहून वेगाने घटते. टांगणीच्या जागी वाटीएवढा गिलावा छिनून काढावा आणि नंगं काँक्रीट दिसल्यावर भोक मोजावं. या कामाला प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं लागतात. ठेकेदार कुरकुरतो, कुरकुरू द्यावं.

भोक पाडताना बिट सळीला लागला की कामगार तिथेच थांबतो आणि अर्ध्या खोलीत अँकर ठोकून, बाहेर उरलेला तुकडा कापून टाकतो. खालून बघणाऱ्याला काही कळत नाही. सळी लागली तर ते भोक सोडून बाजूला नवं घ्यावं आणि दोन भोकांत अँकर बनवणाऱ्याने दिलेलं किमान अंतर ठेवावं. भोकातली धूळ ब्रशने आणि फुंकणीने काढावी. धुळीवर बसलेला अँकर फुलतो, पण पकडत नाही. ड्रॉप-इनच्या आतली खुंटी त्याच्याच पंचने, पंचचा खांदा अँकरला टेकेपर्यंत ठोकायची असते. पंच साइटवर नसला की रॉडच आत घालून त्यावर हातोडा मारतात, त्यामुळे खुंटी अर्धवट बसते आणि आटेही मोडतात. रॉड किमान त्याच्या जाडीइतका आत फिरला पाहिजे. रॉडच्या टोकापासून तेवढ्या अंतरावर मार्करने खूण केली तर खालून टॉर्च मारूनही खूण आत गेली की नाही ते समजतं.

प्लास्टिकच्या गुल्लीवर स्प्रिंकलरचा पाईप टांगलेला दिसला तर ते काम तिथेच थांबवावं. आग लागल्यावर छताखालची हवा सगळ्यात आधी तापते आणि प्लास्टिक मऊ पडतं. लाल काचेचा स्प्रिंकलर ६८ अंशांना फुटतो. त्यानंतर पाणी पडत राहणार तेवढा वेळ पाईपने जागेवर राहायला हवं. टांगणीतला प्रत्येक भाग लोखंडाचाच हवा, असं मानकात आहे ते याचसाठी. विटांच्या किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीत ठोकलेल्या ब्रॅकेटवर मेन पाईप टाकणंही असंच चुकीचं. ती भिंत फक्त आडोसा आहे, भार पेलायला बांधलेली नाही.

मोठ्या गाळ्याच्या नव्या इमारतींत पोस्ट-टेन्शन स्लॅब येतोय. त्यात ताणलेल्या केबल असतात. ड्रिल केबलला लागला तर केबल तुटते, स्लॅबची ताकद जाते आणि ड्रिल धरणाऱ्याच्या जिवाशी बेततं. अशा इमारतीत केबलचा नकाशा हातात घेऊन, खालून खडूने रेघा मारल्याशिवाय एकही भोक पाडू नये. त्यापेक्षा काँक्रीट ओतण्याआधीच इन्सर्ट (रॉड अडकवायचे तयार आटे) बसवून घेणं कितीतरी शहाणपणाचं.

उद्यमबाग, मच्छे, होनग्याकडच्या कारखान्यांत आणि निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत प्रश्न पत्र्याच्या शेडचा असतो. शेडचा पर्लिन दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पत्र्याचा, झेड किंवा सी आकारात वाकवलेला. त्याला पत्रा, वारा आणि डागडुजीला चढलेला माणूस एवढंच गृहीत धरलेलं असतं. त्यावर पाईप टांगायचा असेल तर शेड डिझाइन करणाऱ्याला ऑर्डर देतानाच तसं सांगून, टांगत्या वस्तूंचं वजन करारात लिहून घ्यावं लागतं. शेड उभी राहिल्यावर सांगून उपयोग नाही, कारण तोवर पर्लिनची जाडी ठरलेली असते.

पर्लिनच्या खालच्या ओठाला सी क्लॅम्प चावून पाईप लटकवला की भार पर्लिनच्या मध्यातून न जाता बाजूने जातो. पर्लिन पिळवटतो, ओठ उघडतो आणि क्लॅम्प घसरतो. क्लॅम्प वापरायचाच तर मागून पट्टी घेऊन तो अडकवावा. त्याहून चांगलं म्हणजे पर्लिनच्या उभ्या पत्र्याला भोक पाडून बोल्टने पकडणं. १०० आणि १५० मिलिमीटरचे मेन तर पर्लिनवर टाकूच नयेत. ते रॅफ्टरजवळून (पर्लिन ज्यावर टेकतात त्या मुख्य तुळईजवळून) न्यावेत किंवा दोन पर्लिनच्या मध्ये आडवा अँगल टाकून भार वाटून द्यावा.

या आडव्या अँगलचा हिशेबही करून दाखवतो, कारण तो डोळ्याने ठरवला जातो आणि हमखास चुकतो. पर्लिनमधलं अंतर दीड मीटर, मध्यभागी १०० मिलिमीटरचा मेन. ४.६ मीटर भरलेला पाईप १०६ किलो आणि वर ११४, असे २२० किलो अँगलच्या मधोमध येतात. वाकवणारा जोर सुमारे ८२ किलो-मीटर होतो. एनएफपीएत स्टीलला चौरस इंचाला १५,००० पौंड एवढाच ताण दिलाय. त्या हिशेबाने अँगलचा सेक्शन मॉड्युलस (वाकण्याला किती विरोध होतो त्याचं माप) किमान ७.८ घनसेंटिमीटर लागतो. साइटवर पडलेला असतो तो ५०×५०×६ चा अँगल, त्याचा ३.६ आहे. ६५×६५×६ चा ६.२. ७५×७५×६ चा ८.४, तो चालतो. डोळ्याला तिन्ही अँगल सारखेच भक्कम दिसतात. शिवाय अँगलची दोन टोकं ज्या पर्लिनवर येतात, तिथला ११० किलोचा भार त्या पर्लिनला झेपतो का, ते वेगळं तपासावं लागतंच.

पर्लिनला वेल्डिंग करू नये. वेल्डिंगने गॅल्व्हनाइझिंग जळतं आणि पातळ पत्र्याला भोक पडतं. खानापूर-जांबोटीच्या पट्ट्यातल्या पावसात तो डाग दोन पावसाळ्यांत पोखरला जातो, वर रेड ऑक्साइड मारलेलं असलं तरी.

यानंतर ब्रँच लाईनच्या टोकाकडे बघू. शेवटच्या हँगरपासून शेवटच्या स्प्रिंकलरपर्यंतचा मोकळा तुकडा २५ मिलिमीटर पाईपला ०.९ मीटर, ३२ ला १.२ आणि ४० किंवा मोठ्याला दीड मीटरपेक्षा जास्त नको. स्प्रिंकलर फुटला की पाणी खाली फेकलं जातं आणि पाईपला वर धक्का बसतो. टोक मोकळं असेल तर सीलिंगमधून खाली डोकावणारा स्प्रिंकलर वर उचलला जाऊन सीलिंगच्या आत जातो आणि पाणी टाइल्सच्या पाठीवर पडतं. म्हणून दाब ६.९ बारच्या वर असेल आणि स्प्रिंकलर सीलिंगखाली असतील, तर हा मोकळा तुकडा ०.३ मीटरपर्यंतच ठेवायचा. शेवटचा हँगरही पाईप वर उचलू न देणारा हवा. पट्टीच्या हँगरचा रॉड खाली फिरवून पाईपच्या पाठीला टेकवला तरी हे साधतं. बाजूला काढलेल्या आडव्या फांदीला हँगर नसेल तर ती ०.६ मीटरपर्यंतच असावी. दाब जास्त असेल तर तीही ०.३ मीटर.

यात एक मेख आहे. दाब गेजवर पंपखोलीत बघितला जातो आणि सगळ्या मजल्यांना तोच धरला जातो. दर दहा मीटर उंचीला दाब साधारण एक बारने बदलतो. तीस मीटर उंच इमारतीत वरच्या मजल्याला चार बार ठेवले तर तळमजल्यावर सात भरतात. म्हणजे वरच्या मजल्याचं हँगरचं डिझाइन खाली जसंच्या तसं उतरवता येत नाही.

मजल्यांमधून वर जाणाऱ्या उभ्या पाईपचं, म्हणजे राइझरचंही तेच. १५० मिलिमीटरचा तीस मीटर राइझर भरल्यावर १,२०० किलो होतो. बऱ्याच ठिकाणी हे सगळं वजन पंपखोलीतल्या एका बेंडवर उभं असतं आणि वर भिंतीला नुसते यू बोल्ट असतात. यू बोल्ट पाईपला बाजूला हलू देत नाही, पण वजन उचलत नाही. राइझर क्लॅम्प बुडाशी, मग एक मजला सोडून एक, वळणाच्या वर आणि खाली, आणि माथ्यावर हवेत. दोन आधारांमध्ये ७.६ मीटरच्या वर अंतर नको.

शहरातल्या जुन्या गल्ल्यांत लाकडी कडीपाटाच्या इमारतींचं शोरूम होतं, तिथे एवढंच: खिळा वापरू नये, लाकडी स्क्रू वापरावा. तुळईच्या बाजूला स्क्रू मारताना खालच्या काठापासून ब्रँच लाईनला किमान अडीच इंच आणि मेनला तीन इंच वर मारावा, नाहीतर लाकूड फाटतं. आधी वाळवी तपासावी.

बेळगाव भूकंपाच्या दृष्टीने आयएस १८९३ च्या २०१६ च्या नकाशात तिसऱ्या झोनमध्ये आहे. १९६७ च्या कोयना भूकंपाची आठवण या भागात अजून आहे, तरी पाईपच्या आडव्या ब्रेसिंगचा, म्हणजे हादऱ्यात पाईप झुलू नये म्हणून द्यायच्या आधाराचा, विचार क्वचितच होतो. हॉस्पिटल आणि उंच इमारतींत मेनला साधारण दर १२ मीटरला आडवा आणि दर २४ मीटरला लांबीच्या दिशेचा ब्रेस द्यायला हरकत नसावी. भिंतीतून जाणाऱ्या १०० मिलिमीटरच्या पाईपाभोवतीचं भोक पाईपापेक्षा चार इंच मोठं ठेवून मऊ फायर-सील भरावं. सिमेंटने घट्ट बुजवलेला पाईप हादऱ्यात नेमका तिथेच तुटतो.

पाईप नीट टांगला तरी नंतर त्यावर काय काय लटकतं, ही वेगळीच डोकेदुखी. फॉल्स सीलिंगवाला ग्रिडची तार त्यालाच बांधतो, इलेक्ट्रिशियन केबल ट्रे टाकतो, मंगल कार्यालयात झुंबर आणि पडदे, गणेशोत्सवात कापडी मंडप. स्प्रिंकलरच्या पाईपवर स्प्रिंकलरशिवाय दुसरं काहीही टांगायची परवानगी नाही. मंगल कार्यालयाच्या मालकांनी डेकोरेशनवाल्यासाठी वेगळे हूक स्लॅबला देऊन ठेवावेत. त्याला कुठेतरी बांधावं लागणारच असतं.

पाण्याची टेस्ट पास झाली म्हणून हँगर पास झाले, असं समजू नये. १३.८ बारला दोन तास ठेवलेली टेस्ट जोड गळतात का ते सांगते. अँकर पाचपट पेलेल का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी छोटा हायड्रॉलिक जॅक लावून अँकर ओढून बघायचा असतो. प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक प्रकारच्या अँकरमधून काही अँकर इंजिनिअरने स्वतः निवडावेत. निवड ठेकेदारावर सोडू नये.

महापालिका आणि अग्निशमन खात्याला विनंती अशी की फायरच्या नकाशांबरोबर हँगरचा वेगळा नकाशा मागवावा. त्यात प्रत्येक टांगणीची जागा, पाईपचा व्यास, रॉड, अँकरची जात आणि खोली असावी. त्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असावी. फॉल्स सीलिंग बंद करण्याआधी मजल्यागणिक फोटो घेऊन ते फाइलला लावायची अट घातली तर खर्च जवळजवळ शून्य आहे.

ज्यांची सीलिंग आधीच बंद झालीत, त्यांनी चार जागच्या टाइल्स उचलून बघाव्यात: ब्रँच लाईनचं टोक, मेन वळतो ती जागा, राइझरजवळचा पहिला हँगर आणि जिथे दाब सगळ्यात जास्त असतो तो खालचा मजला. रॉड बोटाने फिरतोय का, क्लॅम्प आणि पाईपमध्ये फट आहे का, गिलाव्याला अँकरभोवती गोल तडा गेलाय का, तार किंवा प्लास्टिक गुल्ली दिसतेय का, एवढं पाहायला टॉर्च आणि शिडी पुरते. शिडी मात्र पाईपला टेकवू नये. चारपैकी एका ठिकाणी जरी दोष सापडला तर पूर्ण मजला तपासावा. दुरुस्ती करताना त्या लाईनचं पाणी काढूनच हँगर बदलावा आणि तेवढा वेळ त्या मजल्यावर आगीवर नजर ठेवायला माणूस बसवावा.

कळावे,
आपला,
अग्निशमन यंत्रणेच्या कामातला एक अभियंता,
टिळकवाडी, बेळगाव